अण्णा मोटरमन आणि भिंतीवरची लाल खूण

ताई,

परळला रुळांना लागून आमची तीन मजली चाळ आहे. सेसची, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी इमारत, सगळे पागडीवाले, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू. आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या भाडेपावतीवर १९३१ साल आहे. मागच्या गॅलरीतून हात लांब केला की रेल्वेची भिंत लागते, असं आम्ही पाहुण्यांना गमतीनं सांगतो. दोन महिन्यांपूर्वी हेल्मेट घातलेले चारजण टेप आणि तिपाईवरचं यंत्र घेऊन आले आणि आमच्या व शेजारच्या चाळीच्या भिंतीवर लाल रंगानं आकडे टाकून गेले. कोणी म्हणतं पाचवी-सहावी लाइन, कोणी म्हणतं पूल, कोणी म्हणतं स्टेशन वाढवणार. कागद कोणाच्याच हातात नाही. तळमजल्यावरच्या काकूंनी तर त्यांच्या दाराजवळची खूण टर्पेंटाइननं घासूनच काढली.

चाळीत आता तीन तट आहेत. पोरं म्हणतात, रुळांवर बसू. काहीजण टॉवरमध्ये फ्लॅट मिळणार म्हणून मनातून खूश आहेत. आणि माझ्यासारख्या काहींना ही चाळ, हा रस्ता, आसपासची ही जुनी वस्ती मोडायला नको आहे. गंमत म्हणजे भिंतीपलीकडे रेल्वेचीच केवढी तरी जागा गंजके डबे आणि झाडोरा घेऊन पडली आहे.

पण माझं दुखणं घरातलं आहे. माझे सासरे, अण्णा, एकतीस वर्षं मोटरमन होते. मीटिंगमध्ये ते म्हणाले, ‘जिनं जेवू घातलं तिच्याविरुद्ध मी सही करणार नाही. मेलगाडीला वाट द्यायला लोकल सिग्नलला उभी राहते तेव्हा आत माणसांचं काय होतं, ते मला विचारा.’ सगळे गप्प झाले. तेव्हापासून आम्ही दोघं जेवढ्यास तेवढं बोलतो. निवेदन लिहायला मी घेतलंय, पण पहिल्या ओळीपुढे जात नाही. विरोध करणं म्हणजे विकासाला आडवं जाणं का? आणि केलाच, तर त्यानं काही होतं का?

चाळीतली एक सून, परळ

—

अगं सूनबाई,

तुझं पत्र वाचलं आणि आधी अण्णांचं वाक्य पुन्हा वाचलं. तुला वाटतं तसं ते तुझ्या विरोधात नाही. त्याच्याकडे येतेच. आधी भिंतीवरच्या आकड्यांकडे बघू, कारण तिथे वेळ चालला आहे.

मोजणी म्हणजे संपादन नव्हे. भिंतीवर लाल आकडा पडला म्हणून एक इंचही जागा गेलेली नाही. सर्वेक्षणं दहा होतात, त्यातली निम्मी फायलीत झोपतात. पण म्हणून गप्प बसायचं असंही नाही. ते चारजण कोणाचे होते हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याचं कार्ड आपण बघतो, आणि घराची मापं घेणाऱ्याला चहा पाजतो! पुढच्या वेळी कोणी आलं तर ओळखपत्राचा आणि कामाच्या पत्राचा फोटो काढायचा, नाव आणि कार्यालय वहीत लिहायचं.

कार्यालय कळणं का महत्त्वाचं? तुमच्या भागात रुळांच्या आजूबाजूला एकाच वेळी तीन-चार यंत्रणा काम करतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा. मध्य रेल्वे स्वतः. मग मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन, जिच्यात केंद्राच्या रेल्वेचा ५१ टक्के आणि राज्याचा ४९ टक्के वाटा आहे. उपनगरी रेल्वेचे एमयूटीपी नावाचे प्रकल्प तिच्याकडे असतात. रस्त्याचे पूल आणि उन्नत मार्ग एमएमआरडीए या राज्याच्या महानगर विकास प्राधिकरणाकडे किंवा महापालिकेकडे. सीएसएमटी ते कुर्ला पाचवी-सहावी मार्गिका २००८ पासून कागदावर आहे, तिचा परळच्या पुढचा दक्षिणेकडचा तुकडा जागेअभावी रखडलेला आहे, म्हणून तुमच्याकडे कोणीही टेप काढला की तिचंच नाव निघतं. ते खरं असेलही. पण काम पुलाचं निघालं आणि तुम्ही रेल्वेला निवेदनं देत बसलात, तर सहा महिने वाया जातील.

तेव्हा पहिलं काम, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. ‘आमचं काय होणार?’ असं विचारू नकोस, त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असं एका ओळीत उत्तर येतं. अमुक सी. एस. नंबरच्या (जागेच्या सरकारी मोजणी क्रमांकाच्या) जागेवर अमुक महिन्यात झालेलं सर्वेक्षण कोणत्या कामासाठी होतं, कामाच्या आदेशाची प्रत, आखणीचा नकाशा, विचारात घेतलेल्या पर्यायी आखण्या, असं मुद्द्याला धरून माग. आणि एक वाक्य विसरू नकोस: ‘मला कागदपत्रं प्रत्यक्ष पाहायची आहेत.’ हा हक्क कायद्यात आहे. नकाशाची झेरॉक्स फिकट आणि निम्मी कापलेली येते. समोर पसरलेला नकाशा बघणं वेगळं. तो बघायला कोणाला न्यायचं, हे मी पुढे सांगते.

त्याच आठवड्यात चाळीचं प्रॉपर्टी कार्ड काढा. जागा मालकाचीच आहे ना, की एखादी पट्टी रेल्वेच्या नावावर आहे? हसू नकोस. जुन्या चाळींत स्वयंपाकघराचा ओटा एका हद्दीत आणि मोरी दुसऱ्या, असे प्रकार निघतात. जागा खासगी असेल तर रेल्वेला ती रीतसर संपादन करावी लागते. रेल्वेचीच निघाली तर मामला निष्कासनाच्या, म्हणजे जागेतून बाहेर काढण्याच्या, वेगळ्या कायद्याखाली जातो आणि तुमची बाजू पुष्कळ अवघड होते. हे आधी कळलेलं बरं.

आता समजू की काम रेल्वेचं आहे आणि जागा मालकाची. रेल्वे कायदा १९८९ चा. त्यात २००८ साली एक नवं प्रकरण घातलं गेलं, ‘विशेष रेल्वे प्रकल्पां’साठी. कलम २०अ खाली राजपत्रात अधिसूचना निघते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापावा लागतो आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवस. एवढ्यात हरकत लेखी द्यायची. हरकत घेणाऱ्याला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. अधिसूचनेपासून वर्षभरात पुढची घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना संपते.

तीस दिवस म्हणजे किती ते गणपतीच्या वर्गणीवरून ठरव. तुमच्या चाळीत वर्गणी किती दिवसांत गोळा होते? म्हणून हरकतीचा मसुदा आज तयार पाहिजे, अधिसूचना आल्यावर फक्त क्रमांक आणि तारीख भरायची. वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचनांचं पान रोज बघायला एक माणूस नेमा. निवृत्त, चष्मा चांगला असलेला, आणि थोडा संशयी स्वभावाचा. असा एक प्रत्येक चाळीत असतोच.

आणि जनसुनावणी होईल तेव्हा बोलू, अशा भ्रमात राहू नका. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत रेल्वेमार्ग नाहीत. त्यामुळे एखाद्या खाणीसाठी किंवा बंदरासाठी गावात मांडव घालून सुनावणी होते, तशी तुमच्या पटांगणात होणार नाही. ती तीस दिवसांची हरकत हीच तुमची सुनावणी.

तुमच्यात कुजबुज असेलच की आपण पडलो पागडीवाले, आपल्याला कोण विचारतो, पैसे मालक घेऊन जाईल. हे चूक आहे आणि हे चाळीत मोठ्यानं सांग. रेल्वे कायद्यातल्या ‘हितसंबंधित व्यक्ती’च्या व्याख्येत राज्याच्या कायद्यानुसार भाडेकरूचे हक्क असलेली माणसं आहेत. २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले भरपाई आणि पुनर्वसनाचे नियम रेल्वेच्या संपादनालाही लागू आहेत, आणि त्या कायद्यात शहरातल्या जागेवर आधीची तीन वर्षं किंवा जास्त राहणारं कुटुंब हे ‘बाधित कुटुंब’ आहे. तुमच्याकडे १९३१ ची भाडेपावती आहे म्हणतेस. ती प्लास्टिकच्या पिशवीत घाल, स्कॅन कर आणि तिघांच्या फोनमध्ये ठेव. प्रत्येक खोलीची स्वतंत्र फाइल हवी: भाडेपावत्या, रेशनकार्ड, विजेची बिलं, मतदारयादीतलं पान. हरकतही प्रत्येक खोलीची स्वतंत्र जाऊ दे. दोनशे सह्यांचं एक निवेदन म्हणजे आवक-नोंदीत एक ओळ. साठ हरकती म्हणजे साठ उत्तरं.

आता तुझा प्रश्न. विकासाला आडवं जाणं का?

२९ सप्टेंबर २०१७ ला तुमच्यापासून पाच मिनिटांवर, एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. तू तेव्हा तिथेच राहत असणार. त्या गर्दीत त्या दिवशी तू किंवा तुझा नवरा असू शकला असता. तेव्हा या शहराला जास्त रूळ, रुंद पूल, मोठे फलाट नको आहेत, असं म्हणणाऱ्यानं आधी सकाळी साडेनऊची लोकल पकडावी. अण्णा जे म्हणाले ते अक्षरशः बरोबर आहे. पाचवी-सहावी मार्गिका हवी ती त्यासाठीच: लांबच्या गाड्या वेगळ्या रुळांवर गेल्या की लोकलला सिग्नलला ताटकळावं लागत नाही.

पण ‘रूळ हवेत’ हे एक म्हणणं झालं, ‘ते याच भिंतीतून गेले पाहिजेत’ हे दुसरं. पहिल्याला तुम्ही हो म्हणा. मोठ्यानं, निवेदनाच्या पहिल्याच ओळीत. तुझी ती न सुटणारी ओळ मी देते: ‘या मार्गावर जादा मार्गिका व्हावी अशी आमचीही इच्छा आहे, आमच्यातली कित्येक माणसं रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाली आहेत.’ दुसऱ्या ओळीत विचारा: भिंतीपलीकडे रेल्वेच्या मालकीची जागा असताना आखणी अलीकडे का? तुझ्या पत्रातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तू ‘गंमत म्हणजे’ करून लिहिलंयस. ते गमतीचं नाही. तोच तुमचा मुद्दा आहे.

गोव्याचं उदाहरण घे. तिनईघाट ते वास्को रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं विरोध केला, किनाऱ्यालगतच्या वेळसावसारख्या गावांत रुळांच्या कडेची जुनी घरं वाचवण्यासाठी माणसं रस्त्यावर आली. त्यातला कॅसलरॉक ते कुळे हा घाटातला तुकडा सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि मे २०२२ मध्ये न्यायालयानं वन्यजीव मंडळाची त्याची मंजुरी रद्द केली. तिथे अभयारण्य होतं, तुमच्याकडे ते नाही, त्यामुळे तोच निकाल दाखवून तुमचं भागणार नाही. पण न्यायालयानं नेमलेल्या समितीनं मुळाशी विचारलेला प्रश्न तुम्हालाही विचारता येतो. एवढी वाहतूक खरंच होणार आहे का, आणि तिच्यासाठी हाच मार्ग का? नुसत्या घोषणेपुढे न झुकणाऱ्या यंत्रणेला गरजेचे आकडे मागितले की तिला कागद काढावे लागतात.

आणि गिरगाव. माझं माहेर तिथलं, म्हणून जरा जास्त बोलले तर सांभाळून घे. मेट्रो तीनच्या वेळी, कुलाबा ते सीप्झ ३३.५ किलोमीटर, सगळं जवळजवळ भुयारी, तरी काळबादेवी आणि गिरगाव या दोन स्थानकांसाठी जमिनीवरच्या चाळी जाणार होत्या. भुयारी म्हणजे वरचं कोणी हलणार नाही, असं आमच्या आळीतल्या लोकांना बरेच दिवस वाटत होतं. मग कळलं की गाडी जमिनीखालून गेली तरी माणसांना खाली उतरायला दार जमिनीवरच लागतं! आरडाओरडा झाला, बैठका, मोर्चे, पक्षांचे झेंडे. मेट्रो थांबली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ती गिरगावातून धावू लागली आणि मी पहिल्याच आठवड्यात बसून आले, खोटं कशाला बोलू. पण आधी जी भीती होती की लोकांना कुठे तरी लांब उपनगरात नेऊन टाकतील, ते झालं नाही. गिरगाव-काळबादेवीच्या रहिवाशांचं पुनर्वसन गिरगाव-काळबादेवीतच करायचं, हे सरकारला मान्य करावं लागलं. भांडून मिळालं ते हे. त्याचबरोबर हेही सांगते की गाडी आली तेव्हा पुनर्वसनाच्या सगळ्या इमारती तयार नव्हत्या. रूळ वेळापत्रकानं येतात, घरांना वेळापत्रक नसतं.

तुमच्या दाराशीच बघ. २०२५ च्या एप्रिलात एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल पाडायला बंद करायचं ठरलं तेव्हा लगतच्या इमारतींमधली माणसं रस्त्यावर उतरली. पूल अखेर १२ सप्टेंबरला बंद झाला. मधल्या महिन्यांत काय बदललं? थेट बाधित दोन इमारतींमधल्या कुटुंबांना त्याच परिसरात घरं देण्याचा निर्णय झाला. तेव्हा ‘काही होतं का?’ याचं उत्तर हो, होतं, पण बहुतेक वेळा प्रकल्प थांबत नाही. आखणी चार मीटर सरकते, तारीख पुढे जाते, घर लांब न जाता जवळ मिळतं. हे कमी वाटत असेल तर चाळ सोडून पुनर्वसनात लांब मानखुर्दला गेलेल्या कोणाही बाईला विचार.

एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्याची एक गोष्ट आज कोणाला आठवत नाही. पैसा जागतिक बँकेचा होता. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी हटवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी २००४ मध्ये थेट बँकेच्या तपास मंडळाकडे तक्रार नेली. मंडळानं चौकशी करून पुनर्वसनात दोष काढले आणि मार्च २००६ मध्ये बँकेनं रस्ते आणि पुनर्वसन या भागांचा पैसा रोखला. काही महिन्यांनी, सुधारणा झाल्यावर, सोडला. दुकानदार होते ते, कोणी पीएचडी नव्हते. म्हणून तुमच्या प्रकल्पात कर्ज कोणाचं आहे हेही अर्जात विचार. परदेशी बँक असेल तर तिचे पुनर्वसनाचे स्वतःचे नियम असतात, आणि तिचं तक्रारीचं दार मंत्रालयापेक्षा कधी कधी लवकर उघडतं.

जुनी वस्ती, वारसा, हेरिटेज हे शब्द निवेदनात घालायचे का? घाला, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंचे नियम आहेत, पण यादीत दगडी इमारती जास्त आणि आपल्या लाकडी जिन्यांच्या चाळी कमी. सीएसएमटीला २००४ साली युनेस्कोचं जागतिक वारसा म्हणून नाव मिळालं, आणि त्या स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्या ज्यांच्या खिडकीशी शंभर वर्षं धडधडल्या त्या चाळींना कोण विचारणार! असो. वारशाचा उपयोग दुसरीकडे होतो. फोर्टातलं जे. एन. पेटिट वाचनालय, १८९८ ची इमारत; २०१७ मध्ये मेट्रोचं काम चालू असताना तिच्या वरच्या दगडी कामाचा तुकडा पडला. संस्था उच्च न्यायालयात गेली, न्यायालयानं त्या भागातलं काम काही काळ थांबवलं आणि तज्ज्ञांना पाहायला लावलं. ते वाचनालय नुकतंच दुरुस्त झालेलं होतं, त्यामुळे आधी काय कसं होतं याची नोंद हाताशी होती. तुमची चाळ पाडली नाही आणि नुसती शेजारी खोदकाम झालं, तरी हादरे बसणारच. तेव्हा आज, काम सुरू होण्याआधी, प्रत्येक खोलीचे, जिन्याचे, तुळयांचे, तड्यांचे तारखेसकट फोटो काढून ठेवा. एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावून अहवाल घ्या. पुढे ‘तडा जुनाच होता’ म्हणतील तेव्हा तुमच्याकडे बोलायला काही असेल.

रुळांवर बसायला निघालेल्या पोरांना एक निरोप दे. गाडी अडवली तर रेल्वे कायद्याचं कलम १७४ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. त्यांच्यातल्या किती जणांनी रेल्वे भरतीचा किंवा पोलिस भरतीचा अर्ज भरलाय, तेही विचार. शिवाय साडेनऊच्या लोकलमध्ये अडकलेली माणसं डोंबिवलीची, कल्याणची; तीही कोणाच्या तरी चाळीतून हुसकली गेलेली. ती तुमच्या बाजूला यायला हवीत. पोरांना फोटोंचं आणि फायलींचं काम दे. त्यांना फोनवर स्कॅन करता येतं, आपल्याला नाही.

टॉवरवाल्यांशी मात्र भांडू नकोस. दहा बाय बारात तीन पिढ्या झोपल्यावर कोणाला स्वतःचा संडास हवासा वाटला, तर तो द्रोह नाही. तू ‘चाळ मोडायला नको’ म्हणतेस आणि ते ‘फ्लॅट हवा’ म्हणतात. यात दोघांनाही सारखंच हवं असेल असं शोध. माझी मावशी नायगावजवळ राहायची. पुनर्विकासात ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून संक्रमण शिबिरात गेली. बिल्डरनं पहिलं वर्ष भाडं दिलं, मग तो दिसेनासा झाला. मावशी अकरा वर्षांनी तिथेच वारली. जुन्या खोलीची किल्ली तिनं पितळी डब्यात ठेवली होती. तिला नवं घर नको होतं असं नाही, फार हवं होतं. पण करारात तारीख नव्हती आणि उशीर झाला तर काय, हे लिहिलेलं नव्हतं. चौरस फूट मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले होते.

तेव्हा टॉवरवाले आणि तू मिळून मागण्यांचा एकच कागद करा. घर याच वॉर्डात. आधी घर, मग पाडकाम. ते जमत नसेल तर भाडं आगाऊ आणि बँकेत. एका मजल्यावरचे शेजारी नव्या जागी शक्य तो एका मजल्यावर. तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीला आणि शिंप्याला गाळा. आणि देखभालीचा निधी. हा फार लोक विसरतात. टॉवरची लिफ्ट, पंप, रंगकाम यांचं मासिक बिल पाच हजारांवर गेलं की पेन्शनवरचं माणूस पाच वर्षांत फ्लॅट विकून निघून जातं. वस्ती पाडकामानं निम्मी मोडते, उरलेली त्या बिलानं.

आता अण्णा.

तू त्यांना सहीसाठी विचारलंस, तिथे चुकलं. ज्या माणसानं एकतीस वर्षं लाल-हिरवा बघून हात हलवला, त्याला तू ‘रेल्वेच्या विरोधात’ या मथळ्याखाली सही करायला सांगितलीस. मीही केली नसती. पण तुमच्या सगळ्या चाळीत रेल्वेचा नकाशा वाचता येणारा माणूस एकच आहे आणि तो गॅलरीत बसून आहे. कुठल्या वळणावर वेग कमी करावा लागतो, कुठला सायडिंगचा रूळ कित्येक वर्षं वापरात नाही, कोणत्या सांध्याला गाडी नेहमी अडते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. कागदपत्रं पाहायला जाशील तेव्हा वकिलाच्या आधी अण्णांना ने. त्यांना मोर्चात बोलावू नकोस, घोषणा द्यायला सांगू नकोस. नकाशा समोर पसर आणि एवढंच विचार: ‘अण्णा, तुम्ही आखणी केली असती तर कुठून नेली असती?’

कदाचित ते म्हणतील, इथूनच. तीही तयारी ठेव. वळण, फलाटाची लांबी, सिग्नलचं अंतर यांची सक्ती असते, रूळ आपल्या मर्जीनं वाकत नाही. तसं असेल तर ते तुला आधी घरात कळेल, तीस दिवस संपल्यावर साहेबांच्या केबिनमध्ये नाही. मग तुमचं बळ आखणीवर खर्च न करता पुनर्वसनाच्या कागदावर लावता येईल. आणि ते म्हणाले, ‘अरे, पलीकडचं यार्ड रिकामं पडलंय, तिथून सहज जातं,’ तर ते वाक्य त्यांच्याच शब्दांत, निवृत्त मोटरमन अशी ओळख देऊन, हरकतीत घाल. त्याखाली ते सही करतील असं मला वाटतं. ते रेल्वेला सल्ला देत असतील, विरोध नव्हे.

जेवढ्यास तेवढं बोलणं मोडायला निमित्त हवं असेल तर अर्ज कर, आणि अर्जात काय विचारायचं ते त्यांच्याकडून तपासून घे. त्यांना अर्जातली भाषा नक्की चुकीची वाटेल. रेल्वेतल्या माणसाला बाहेरच्यानं ‘रूळ’ लिहिलेलंही चुकीचंच वाटतं.

आणि तळमजल्यावरच्या काकूंना सांग, आता खुणा पुसू नका. जी पुसली तिचा फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये असेलच, कोणीतरी ग्रुपवर टाकलाच असणार. तो शोधून ठेव. त्यावर कोणता आकडा होता ते मला कळव, आणि अण्णांना विचार, तो आकडा रुळाच्या मध्यापासून मोजलाय की भिंतीपासून.

तुझी,
ताई